सातानंतरचा आकडा

माझं सरकी पेंडीचं दुकान दूध सोसायटीच्या अगदी समोर. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या कॅनमध्ये काय आहे, हे मला अध्यक्ष मोहनरावांच्या आधी कळतं. त्या दुष्काळी साली गावाला टँकर आठवड्यानं यायचा, म्हशी उमापूरच्या वाटेवरच्या चारा छावणीत होत्या, आणि अशात सोसायटीत सचिवाची जागा निघाली. जागा एक, अर्ज चाळीस, म्हणून लेखी परीक्षा ठेवली.

भिवराबाईची शिवकन्या गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. छावणीत म्हशीपाशी बसून ती संख्यामालिका सोडवायची. ही जागा गेली तर तिला पुण्याला कंपनीत जावं लागणार होतं, आणि भिवराबाईला दोन म्हशी घेऊन छावणीत एकटीनं राहावं लागणार होतं.

निकाल लागला. एका मार्कानं पहिला आला बिभीषण, अध्यक्षांचा भाचा. पाच किलो पेंडीचे पैसे सांगितले तर मोबाइल काढून ताळा करणारा हा गडी. पहिला!

मोहनरावांना मात्र अभिमान आवरेना. सगळ्यांना बोलावून त्यांनी पेपरच वाचून दाखवला. "शेवटचा सवाल बघा. एक, दोन, चार, पुढं काय? समद्यांनी आठ लिवलं. एकट्या आमच्या बिभीषणनं सात. डोकं लागतं!"

शिवकन्या उठली. "सात कावून, ते त्यानं सांगावं."

"वरून आलेल्या उत्तरात सात हाय, म्हनून सात," मोहनरावच मधे बोलले.

"बरं. मग सातानंतर काय येतं?"

बिभीषण हसला. "आठ. अजून काय येनार?"

खोली खदखदली. मीही हसलो. ती हसली नाही. "अकरा येतं. आधी एक वाढला, मग दोन, मग तीन, म्हनून सात. पुढं चार वाढवायचे. अन दुपटीनं गेलं तर आठ बी बरोबर हाय. दोन उत्तरं निघनारा सवाल. त्यातलं नेमकं एक याला आधी कुनी सांगितलं?"

"तोंड सांभाळ पोरी," मोहनराव कडाडले. "निकाल म्हंजी निकाल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण नवा पेन खिशाला लावून टेबलावर बसला. रांगेत पहिली भिवराबाई. तिनं कॅन टेबलावर ठेवला, पण कडी सोडली नाही.

"साहेब, सातानंतर किती?"

त्यानं पाठ केलं असावं. ऐटीत म्हणाला, "अकरा."

"अन अकरानंतर?"

बिभीषणचा हात मोबाइलकडे गेला. भिवराबाईनं कॅन उचलला. "हितं याला फुडचं येत न्हाई, अन हा माझ्या दुधाचा हिशेब लिवनार!" ती चालू पडली. तिच्यामागे मनकर्णा होती. तिनंही तेच विचारलं, तसंच वळली. मग सगळी रांग. मोहनराव दारात उभे राहून ओरडत होते, "अगं ए, सोसायटी बुडंल!"

"बुडू द्या की! तुमचा भाचा मोजंल किती बुडाली ते!" मनकर्णानं वळून न बघता सुनावलं.

दुधाचा टेम्पो रिकामा गेला. घरोघर खव्याच्या कढया चढल्या. टेम्पो दुसऱ्या दिवशीही रिकामाच गेला, तेव्हा तालुक्याहून फोन आला आणि मोहनरावांना एकाएकी न्याय सुचला. फेरपरीक्षा झाली. पेपर बाहेरच्या मास्तरांनी आणला आणि सगळ्यांदेखत फोडला. शिवकन्या पहिली आली. बिभीषणचं त्या दिवशी पोट दुखत होतं.

शिवकन्या कामावर आली त्या सकाळी मोहनरावांचा गडी कॅन घेऊन नेहमीसारखा थेट टेम्पोकडे निघाला. अध्यक्षांच्या घरचं दूध आजवर कोणी तपासलं नव्हतं.

"हिकडं आण," शिवकन्या म्हणाली.

"ताई, हे मालकांचं..."

"म्हनूनच आण."

तिनं दुधात लॅक्टोमीटर सोडला. दाट दुधात तो वर तरंगतो, पातळात बुडतो. इथं तो गळ्यापर्यंत खाली गेला. रांगेतल्या बायका माना लांब करून बघत राहिल्या. कोणी हसलं नाही.

"बघा गं," भिवराबाई दात खात म्हणाली, "आपल्याला टँकर आठवड्यानं, अन यांच्या दुधात रोज."