बिराप्पा फाटकावर का गेला

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला संगणक आहे. पंचाण्णव साली मिरजेच्या एका दवाखान्यात मी आलो, तेव्हा मला हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला. त्या मानाचं आता काही वाटत नाही. लाज मात्र अजून वाटते.

केसपेपरच्या खोलीत बिराप्पा आणि अंबूबाई काम करत. कुठल्याही पेशंटचा कागद मागा, बिराप्पा डोळे मिटून गठ्ठ्यातून काढून द्यायचा. माझ्यावर काम शिकायचा हुरूपही त्यालाच जास्त. पुठ्ठ्यावर माझ्या बटणांचं चित्र काढून तो जेवणाच्या सुट्टीत सराव करायचा.

शिकवायला होते खात्याचे प्रमुख मानसिंगराव. चुकीचं बटण दाबलं की मी 'पीं' करून ओरडायचो. माझी घडणच तशी. पण मी ओरडलो की मानसिंगराव रांगेतल्या लोकांकडे बघून म्हणायचे, "बघा, मशीनसुद्धा वैतागलं याला!" लोक हसायचे.

"साहेब, जरा हळू सांगा की. उमगंना झालंय," बिराप्पा एकदा म्हणाला.

"तुला जन्मात उमगायचं नाही. सरक बाजूला!"

त्याच आठवड्यात बिराप्पाने फाटकावरची पहारेकऱ्याची जागा मागून घेतली. अंबूबाई डोकेदुखीची सबब सांगून शिकवणी चुकवू लागल्या.

वर्षभराने मानसिंगराव नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी शरयूताई आल्या. त्या अंबूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "चुकू द्या हो. मीसुद्धा महिनाभर चुकतच होते." धडे तेच होते, मीही तोच. पण आता पाच वाजले तरी अंबूबाई माझ्यासमोरून उठत नसत. महिन्याभरात त्या सफाईने पेशंटची नावं माझ्यात भरू लागल्या.

मग शरयूताईंनी बिराप्पाला बोलावून आणलं. तो बसला. चुकीचं बटण दाबलं गेलं, आणि मी ओरडलो. त्याने चटकन हात मागे घेतला आणि वळून पाहिलं, कोण हसतंय म्हणून. कुणीच हसत नव्हतं.

"नको ताई. माजं फाटकच बरं हाय."

त्या दिवशी शरयूताईंनी मेकॅनिक बोलावून माझ्या आवाजाची तार तोडून टाकली. पुढे त्या तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. बिराप्पा अदबीने उठून उभा राहायचा, हसायचा, पण आला नाही. तिथूनच तो निवृत्त झाला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी काम शिकवाल. तो चुकला तर त्याच्याशेजारी बसा. चार लोकांत त्याला हसू नका. माझा आवाज एका तारेने बंद झाला. बिराप्पाच्या कानात मात्र तो शेवटपर्यंत वाजत राहिला असणार, आणि तो माझाच होता.