लढाईवरचा ओरखडा

मी जीपगाडीचा पुढचा बंपर बोलतोय. पारनेरच्या अलीकडं एका गावात, पुंजाराम आबांच्या दारात माझा मुक्काम असतो. तुम्ही कधी त्यांच्याकडं आला असाल तर मला पाहिलंच असेल. मला पाहिल्याशिवाय आबा कुणाला ओसरी चढू देत नाहीत.

माझा रंग तुम्हाला धुळकट वाटेल. तो मुद्दाम तसा आहे. मिलिट्रीनं मला हिरवा दिला, पण बिनचमकेचा. कितीही ऊन पडलं तरी लकाकायचं नाही, म्हणजे लांबून दुश्मनाला दिसायचं नाही. दुश्मनाला मी दिसलो नाही हे खरं, कारण उभा जन्म मी भिंगारच्या छावणीत बटाटे वाहिले. एकदा भटारखान्याच्या भिंतीला घासलो आणि डाव्या अंगाला वीतभर ओरखडा उठला. आतून आचारी ओरडला. माझी लढाई म्हणाल तर एवढीच.

गाडी म्हातारी झाली, लिलावात निघाली. आबांनी ती घेतली तेव्हा सरहद्दीवरचं युद्ध नुकतंच संपलेलं. आबांनी माझा ओरखडा पाहिला आणि त्यांचा चेहराच उजळला. नगरहून गावात येईपर्यंत तो ओरखडा गोळीचा झाला. पोळ्यापर्यंत तो तोफेचा झाला.

"हात लावा, लाजू नका," आबा पाहुण्यांना म्हणायचे. "लढाईवरचं हाय."

पाहुणे हात लावायचे आणि काहीजण तोच हात कपाळाला लावायचे. बटाट्यांना एवढा मान मी कधी बघितला नव्हता. कुणाला दिसू नये म्हणून ज्याची चमक मारली, त्याच्या जिवावर आबा मात्र चांगले चमकत होते.

जीप चालवायला सहादेव होता. साल दुष्काळाचं. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, उरलेलं ऊसतोडीला गेलेलं. सहादेवची बायको छबूबाईसुद्धा दिवस उगवायच्या आत खडीवर जायची. सहादेवच्या हातात स्टिअरिंग होतं म्हणून हातोडा नव्हता, एवढंच. आबा त्याला दिवसाआड आठवण करून द्यायचे, "माझ्या बंपरला नवा ओरखडा दिसला, की दुसऱ्या दिवशी तू खडीवर."

नवा म्हणायचे हं. जुन्याची गोष्ट वेगळी.

कार्तिकात आबा मीटिंगसाठी एस.टी.नं नगरला गेले. शुक्रवारी निघाले, शनिवारी सांजेला येणार होते. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला श्रीरामपूरकडचे पाहुणे यायचे होते. मुलाचा बाप मिलिट्रीतून रिटायर झालेला हवालदार. आबांनी बजावलं, "जीप जागची हलवायची न्हाई. हवालदारांना आधी ओरखडा दावायचा, मंग पोरगी."

एस.टी. गेली आणि शेजारच्या राहीबाईच्या कळा सुरू झाल्या. नवरा ऊसतोडीला. सुईणीनं दुपारी हात टेकले. मूल आडवं होतं, पारनेरच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. छबूबाई सहादेवकडं आली.

"आबांनी हलवायची न्हाई म्हनून सांगितलंय," सहादेव म्हणाला.

"बरं. मंग राहीला सांगते, उद्या सांजेपतुर दम धर. आबा आले की इचारून निघू."

सहादेवनं किल्ली काढली. वेशीतून निघताना माझं उजवं अंग दगडाला घासलं, चर्रर करून. मागं राहीबाई ओरडत होती, त्यामुळं माझं ओरडणं कुणी मनावर घेतलं नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. बटाट्याशिवाय दुसरं काही वेळेवर पोचवायची माझी ती पहिलीच खेप.

सकाळी सहादेव माझ्यापुढं उकिडवा बसला. हातभर ओरखडा, आतलं लोखंड उघडं. त्यानं दुकानातून हिरव्या रंगाची डबी आणली आणि बोटभर लावून पाहिला. घासलेल्या तांब्यासारखा लकाकला. माझ्या मळकट अंगावर ते ठिगळ वेशीतूनसुद्धा दिसलं असतं. रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं ते पुसून काढलं आणि डोक्याला हात लावून बसला.

"व्हा बाजूला," छबूबाई म्हणाली. त्या दिवशी तिनं खडीचा खाडा केला होता.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला पिवळा रंग डब्याच्या तळाशी उरला होता. तिनं कंदिलाच्या काचेतली काजळी खरवडून त्यात कालवली. पिवळ्यात काळं मुरलं आणि माझा मळका हिरवा वाटीत उतरला. चमक मारायला चुलीतली राख वस्त्रगाळ करून चिमूट चिमूट घातली, रॉकेलनं पातळ केलं. विटेच्या तुकड्यानं ओरखड्याच्या कडा घासून घेतल्या आणि चिंधीनं हलक्या हातानं रंग दिला. तासाभरात तो वाळला. ओरखडा कुठं होता, ते मलाच सांगता येईना.

सहादेव खुशीत राहीबाईची भाकरी घेऊन पारनेरला निघाला. पायी. वाटीत अजून रंग होता. सारवायला बसलं की अर्धी भुई तशीच सोडायची छबूबाईच्या हाताला सवय नाही. डाव्या अंगाचा ओरखडा तिच्या नजरेला पडला. तो लढाईवरचा आहे हे तिला कोण सांगणार? खडीवरच्या बायांना आबांनी तो कधी दाखवलाच नव्हता. तिनं तोही सारवला.

रविवारी बन्सी हवालदार आले. आबा त्यांना थेट माझ्यापुढं घेऊन आले. डाव्या अंगावर आबांचा हात एकदा फिरला, दोनदा फिरला, मग नुसता फिरतच राहिला.

"हितंच हुता."

"काय?" हवालदारांनी विचारलं.

"ओरखडा. लढाईतला."

बरोबरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. आबा वळले. "सहाद्या, उद्यापासनं खडीवर जायचं."

"त्यांनी न्हाई, म्या केलंय," छबूबाई खांबाआडून म्हणाली. "त्यांना काढू नका, आबा."

हवालदार वाकले. माझं अंग बोटानं चोळलं, बोट नाकाशी नेलं. "बाई, आमच्या वर्कशॉपला तीन मानसं लागायची, तरी ठिगळ दिसायचं. आबा, तुमाला ही दोघं नको आसतील तर मी न्हेतो."

"छ्या, गंमत केली वो," आबा म्हणाले.

"आन् ह्या गाड्या मला ठाव हायेत. त्यांच्याबिगर आमी उपाशी मेलो आसतो."

आबांना त्यात शौर्य दिसलं. त्यांची छाती फुगली. मला बटाटे दिसले. सोयरीक जमली.

पाहुणे गेल्यावर आबांनी छबूबाईला हळूच बोलावलं. "तो ओरखडा हुता तसा परत करून दे."

"लढाईतला?"

"व्हय."

"खुरपं आनते."

खुरपं घेऊन ती माझ्यापुढं आली आणि डावी बाजू सोडून उजवीकडं बसली.

"आगं, त्यो डाव्या..." सहादेव पुटपुटला.

"गप ऱ्हावा."

तिनं स्वतःचाच रंग हळूहळू खरवडला. खालून वेशीच्या दगडाचा ओरखडा जसाच्या तसा वर आला. डाव्याचा उजवा झाला, वीतभराचा हातभर झाला, पण आबांना काही वेगळं वाटलं नाही. लढाई अशी सोयीनं इकडची तिकडं होते.

आता पाहुणे उजवीकडं हात लावतात. राहीबाई पोरीला काखेत घेऊन येते आणि तिचा इवला पंजा माझ्यावर टेकवते.

"जपून गं," आबा ओसरीवरून सांगतात, "लढाईवरचं हाय ते."

"ठाव हाय, आबा," राही म्हणते.

तुम्ही आलात तर तुम्हीही हात लावा, उजवीकडं. मग तो कपाळाला लावलात, तरी आता मला लाज वाटणार नाही.