चौदा तयार पूल

आमच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'निव्वळ मूल्यमापन कक्ष'. इमारतीतल्या लोकांनी त्यातला पहिला शब्द तेवढा उचलला होता. "काय निव्वळ, जेवलात का?" असं जिन्यात विचारायचे. पुरवठा विभागातला एक जण तर "निव्वळ टाइमपास" असंच म्हणायचा, तेही आमच्या तोंडावर.

काम समजावून सांगायला सोपं नव्हतं. दोन सैन्यं शेजारीशेजारी ठेवायची आणि वजाबाकी करायची, असं वाटतं. पण रणगाड्यांतून रणगाडे वजा होत नाहीत. त्यांचे रणगाडे आपल्या रणगाड्यांना भेटण्याआधी आपल्या सुरुंगांना भेटतात. आपलं बळ त्यांच्या कुठल्या उणिवेवर पडतं, त्यांचं आपल्या कुठल्या उणिवेवर, ते आपल्याबद्दल काय समजून बसलेत, हे सगळं मांडून शेवटी काय उरतं ते लिहायचं. सल्ला द्यायचा नाही. "आपण ताप मोजतो," साहेब म्हणायचे. "गोळी कुठली द्यायची ते वरचे बघतील."

साहेब म्हणजे तोफखान्यातून निवृत्त झालेले, एका कानाने अधू. दुसरे भिंगकाका, ते विमानातून काढलेले फोटो वाचायचे आणि भिंग गळ्यात दोरीने अडकवून फिरायचे. आणि तिसरी मी. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आठ महिने झाले होते. साहेब मला 'शास्त्रज्ञ' म्हणत. कौतुक आणि टोमणा यांचं प्रमाण रोज बदलत असे.

त्या गुरुवारी दुपारी चार वाजता समितीपुढे आमचा अहवाल जायचा होता. विषय नदी ओलांडण्याचा. बारा दिवसांनी आपलं सैन्य तरंगते पूल टाकून पलीकडे जाणार की नाही, हे ठरायचं होतं. माझ्या तक्त्यात नववी ओळ पुलांची होती. आपले तयार पूल: चौदा. त्यांचे तयार पूल: नऊ. निव्वळ: अधिक पाच.

ही ओळ मला रविवारपासून छळत होती.

रविवारी दादा जेवायला घरी आला होता. तो नदीकाठच्या सहा नंबरच्या डेपोत तरंगत्या पुलांवर मुकादम आहे. आईने पुन्हापुन्हा वाढलं तेव्हा म्हणाला, "आई, बास. पूल माझ्याच वजनाने बुडायचा."

"बुडतो की काय तुमचा पूल?" आईने विचारलं.

"कागदावर कधीच नाही बुडत." तो हसला. मग माझ्याकडे बघून आवाज जरा खाली आणला. "छोटी, तुला एक गंमत सांगतो. दोन तराफे जोडायला पोलादी खिळे लागतात. मागच्या सरावात झिजले, बदलायला पाठवले, परत आलेच नाहीत. तपासणी आमच्याकडे सोमवारी, सात नंबरला मंगळवारी. म्हणून खिळ्यांच्या पेट्या सोमवारी संध्याकाळी आमच्याकडून निघतात आणि तपासणीसांच्या आधी सात नंबरला पोचतात. त्या पेट्यांनाच बढती द्यायला हवी."

"मग तुम्ही सही काय म्हणून करता?"

"सही नाही, शिक्का." त्याने ताटावर मूठ आपटून दाखवली. "तयार! तपासणीच्या दिवशी सगळं सामान असतंच की. खोटं काय त्यात?"

"आणि खरंच पूल टाकायची वेळ आली तर?"

तो पाणी प्यायला. "तेव्हा येतील खिळे कुठून तरी. आणि हे तुझ्या त्या निव्वळ ऑफिसात बोलू नकोस हं, माझी नोकरी जाईल."

मी हसून हो म्हणाले. तोपर्यंत ओलांडण्याची योजना माझ्या टेबलावर आली नव्हती. ती सोमवारी आली. पहिला पूल: डेपो सहा.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी भिंगकाकांच्या टेबलाशी उभी होते.

"काका, त्यांचे नऊ पूल तयार आहेत असं तुम्ही कशावरून लिहिता?"

"डोळ्यांनी बघून. सहा महिन्यांत पूल या काठापासून त्या काठापर्यंत अख्खा पाण्यावर दिसला, तरच मी तो तयार धरतो. गोदामात पडलेल्या तराफ्याला मी पूल म्हणत नाही."

"आणि आपले चौदा?"

"ते डेपोवाले कळवतात. शिक्का असतो."

"म्हणजे एकाच शब्दाच्या दोन मोजपट्ट्या."

त्यांनी भिंग डोळ्यापासून काढलं. "आता आठवलं का हे? चार वाजता सादर करायचंय."

"आपल्या काठाचे फोटो आहेत का?"

"आपल्याच सैन्याचे फोटो कोण काढतं? वेडी का तू?" मग थांबले. "चाचणीचे आहेत. विमान पलीकडे जाण्याआधी आपल्या काठाकाठाने सरळ उडतं, फोकस बरोबर आहे का बघायला. ते कुणी वाचत नाही. त्या कपाटावरच्या खोक्यात टाकतो मी."

खोकं धुळीने माखलं होतं. एकेचाळीस उड्डाणं. आम्ही दोघं खिडकीशी बसलो. काका भिंगातून बघत डेपोचा नंबर सांगत होते, मी टिपत होते. साडेअकरापर्यंत चौदांपैकी अकरा डेपोंचे पूल कधी ना कधी पाण्यावर अख्खे दिसले होते.

"अकरा विरुद्ध नऊ," काका पाठ ताणत म्हणाले. "तरी दोन जास्तच. झालं समाधान? चल, चहा पाज."

मला खरंच हायसं वाटलं. दादा वाढवून सांगत असेल. लहानपणापासून त्याला ती सवय आहे. मी उठलेही. आणि मग, केवळ प्रयोगवहीची सवय म्हणून, तोच तक्ता डेपोऐवजी तारखांप्रमाणे लावला.

एकाही दिवशी चारपेक्षा जास्त पूल पाण्यावर नव्हते. तीन मार्चला चार. अकरा मार्चला चार, पण वेगळे. एप्रिलमध्ये तीन, पुन्हा चार. डेपो बदलत होते, आकडा चारच्या वर जात नव्हता.

"काका, त्यांचे नऊ? एकाच वेळी कधी दिसले?"

काकांनी फाइल उघडली नाही. "मे महिन्यात," ते हळूच म्हणाले. "एकाच सकाळी. नऊच्या नऊ."

चहा राहिलाच.

साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा दीड वाजला होता. त्यांनी चांगला कान माझ्याकडे वळवला आणि दोन्ही तक्ते शांतपणे पाहिले.

"सरावाचं वेळापत्रकच तसं असेल तर? एका वेळी चार उतरवायचे, असा नियम असेल."

"असू शकतो."

"मग चारच आहेत, हे तू कशावरून म्हणतेस?"

कशावरून ते माझ्या जिभेवर होतं. पेट्या, सोमवार, मंगळवार. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं आणि ते कुणी कधी दुरुस्त केलं नव्हतं.

"मी चार म्हणत नाही," शेवटी मी म्हणाले. "चौदा सिद्ध होत नाहीत, एवढंच. शिवाय हे फोटो आपल्याला दिसतात तसे त्यांनाही दिसत असणार. त्यांच्या हिशेबात आपण चारच आहोत. म्हणजे आपण कुठे आणि किती कमी आहोत हे त्यांना माहीत आहे आणि आपल्याला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "शास्त्रज्ञ, नोकरीच्या अर्जात घरच्यांची माहिती भरलीस. ती मी वाचली होती. भाऊ कुठल्या डेपोत?"

"सहा."

"त्याने काही सांगितलं?"

मी तक्त्यांच्या कडा जुळवल्या.

"बरं, ते नको सांगूस. दुसरं सांग. तो तिथे नसता, तर तू आज हे खोकं उघडलं असतंस?"

"नाही," मी म्हणाले. हे उत्तर खोटं देता आलं नसतं.

"हं." त्यांनी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे इतके महिने आपण दोन मोजपट्ट्यांनी मोजत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही. ते तसंच लिही, आपली चूक म्हणून. निव्वळच्या रकान्यात आकडा घालू नकोस. समिती विचारणार, खात्री कशी करायची. तिथे काय लिहू?"

इथे मला सुटता आलं असतं. 'पुन्हा तपासणी करावी' असं लिहिलं असतं तर तपासणी नेहमीसारखीच झाली असती, सोमवारी एक डेपो, मंगळवारी दुसरा. पेट्या पुढे धावल्या असत्या, शिक्के उमटले असते, दादाची नोकरी राहिली असती. आणि बारा दिवसांनी पहिला पूल सहा नंबरचा, उसन्या खिळ्यांवर किंवा खिळ्यांशिवाय, मधल्या धारेत. पुलावर सगळ्यात पुढे मुकादम असतो. योजनेत तसं लिहिलेलंच होतं.

"लिहा," मी म्हणाले. "चौदाही पूल एकाच दिवशी, एकाच वेळी, आगाऊ न कळवता पाण्यात उतरवावेत."

"एकाच वेळी का?"

"हलणारी गोष्ट मोजायची तर सगळीकडे एकदम मोजावी लागते. नाहीतर तीच दोनदा मोजली जाते."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं, हे मला कळलं. त्यांनी स्वतःच्या हाताने ती ओळ लिहिली, खाली सही केली आणि पावणेचारला फाइल काखेत मारून निघाले. दारात थांबले. "घरी जा. इथे बसून नखं खाऊ नकोस."

मी गेले नाही. काका आणि मी समोरासमोर बसून राहिलो. साडेसहाला साहेब आले, टोपी खुंटीवर अडकवली, म्हणाले, "तासभर शिव्या खाल्ल्या. अधू कान त्यांच्याकडे ठेवला होता." मग माझ्याकडे न बघता, "परवा सकाळी नऊ. चौदाही."

दादाला फोन करायचा मला शुक्रवारभर मोह होत होता. नुसतं 'उद्या पेट्या तुझ्याकडेच राहू देत' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग सहा नंबरचा पूल उतरला असता, दादा सुटला असता आणि दुसऱ्या कुणाच्या दादाचा उतरला नसता. शिवाय पहिला पूल सहाचाच राहिला असता, उसन्या खिळ्यांवर. मी फोन उचलला नाही. संध्याकाळी आईने विचारलं, "तुझं काही दुखतंय का?"

रविवारी दुपारी त्याचाच फोन आला.

"छोटी, काल धुमाकूळ झाला इथे. नऊ वाजता एकदम हुकूम, पूल उतरवा. सगळीकडे एकाच वेळी! चौदांपैकी तीन उतरले." तो हसायचा प्रयत्न करत होता. "पेट्या होत्या बारा नंबरला. आमच्याकडे साधा एक खिळा नाही. अधिकारी म्हणाला, मग हा शिक्का कुणाचा? म्हटलं, माझा. सहा वेळा माझाच. काढून घेतला. चौकशी बसली."

"आणि ते... पुढचं?"

"पुढचं काय? इथे सगळं थांबवलंय. सामान परत चाललंय." मग म्हणाला, "एक मात्र आहे. वर्षानुवर्षं तपासणीस येतात, पण वेळ एकच ठेवायची अक्कल कुणाला सुचली नाही. ज्याला सुचली त्याला पेट्यांचं माहीत असणार. आमच्यातलाच कुणी तरी..."

तो वाक्याच्या मधेच थांबला. मी फोन कानाशी धरून उभी होते. एक शब्द बोलले असते तर तो खोटा झाला असता किंवा खरा, आणि दोन्ही मला जमणार नव्हते.

"आईला फोन दे," तो म्हणाला. आवाजातलं हसू गेलं होतं.

मी आईला फोन दिला. ती आधी घाबरली, मग ओरडली, मग म्हणाली, "ये की मग. घर काय परक्याचं आहे? किती दिवस?" ऐकत राहिली आणि माझ्याकडे वळून सांगितलं, "चौकशी संपेपर्यंत इथेच राहणार म्हणतो. उद्या येतोय. तुझी खोली त्याला दे."

"देते," मी म्हणाले.

खोलीत जाऊन मी कपाट रिकामं करायला घेतलं. माझा मनातला अंदाज एका पुलाने चुकला होता, चारऐवजी तीन. नदी ओलांडण्याच्या योजनेतली तारीख अजून नऊ दिवसांवर होती. त्या दिवशी दादा याच खोलीत असेल, बहुधा माझ्याशी न बोलता. मी वरचे दोन कप्पे त्याच्यासाठी मोकळे केले आणि मग तिसराही.