कुवानोहामाचा मोठा बुचडा

"नको म्हणजे नको. साधाच बांध," म्हणत कुवानोहामा माझ्याकडे पाठ करून बसला.

माझं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं मी या तालमीतल्या सुमो पैलवानांचे केस बांधतोय, पण असा हट्टी रेडा पाहिला नाही. गिंको झाडाच्या पंख्यासारख्या पानागत पसरलेला मोठा बुचडा म्हणजे वरच्या दोन श्रेणींतल्या पैलवानांचा मान. कुवानोहामा तेवीस वर्षं लढला, तिथवर कधी पोचलाच नाही. पण निवृत्तीच्या दिवशी, सगळ्यांनी मिळून बुचडा कापण्याआधी, खालच्या पैलवानालाही एकदा तो बांधायची रीत आहे. खाली हॉटेलच्या हॉलमध्ये दीडशे माणसं खोळंबली होती.

"अरे बाबा, आज तरी! सगळेच बांधून घेतात."

"घेत असतील. मी तो कमावला नाही, तोकोगेन. फुकटचा मान डोक्यावर घेऊन आईसमोर बसू?"

फुकटचा म्हणे! गुडघा दोनदा फुटला, तरी पहाटे आखाड्यात पहिला हाच उतरायचा. बारा वर्षांनी लहान असलेला तोमोकागे वरच्या श्रेणीत गेला, तेव्हा त्याचा सेवक म्हणून यानेच त्याची पाठ चोळली, त्याचे कपडे धुतले. कधी कपाळाला आठी नाही. मी असतो तर बादली त्याच्या डोक्यात घातली असती.

तेवढ्यात दार सरकवून तोमोकागेच आत आला. मी बघतच राहिलो. सकाळी तासभर खपून मी त्याचा मोठा बुचडा बांधला होता. या शहाण्याने तो सोडून स्वतःच साधा बांधला होता, तोही वाकडा. अंगात सेवकाचा सुती किमोनो.

"मेल्या, हे काय केलंस?" मी ओरडलो.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुवानोहामासमोर गुडघे टेकले. "दादा, आज मी तुमचा सेवक."

"वेड लागलंय का तुला? खाली पेपरवाले आलेत!" कुवानोहामा उसळला.

"येऊ देत. पंधराव्या वर्षी मी तालमीतून पळालो, तेव्हा स्टेशनवरून मला परत कुणी आणलं? मीच याला मासे आणायला धाडलं होतं, असं वस्तादांना सांगून बोलणी कुणी खाल्ली? मी आज तुमच्यामागे चालणार. पण साध्या बुचड्याच्या पैलवानाला सेवक नसतो, दादा. माझं हसं करू नका."

कुवानोहामा माझ्यापुढे सरकून बसला. मग त्याने मान ताठ केली.

"बांध, तोकोगेन. घट्ट बांध."

पान माझ्या मनासारखं येईना, तीनदा मोडलं. चौथ्यांदा जमलं, आणि असं जमलं की आजवर कुणाला तसं बांधलं नव्हतं.

खाली एकेकाने येऊन चार-चार केस कापले. त्याच्या आईची पाळी आली तेव्हा म्हातारी कात्री धरून नुसती उभीच राहिली.

"इतका सुरेख बांधलाय रे. मी कशी कापू?"

"काप, आई," कुवानोहामा म्हणाला. "माझाच आहे."