अडुसष्ट हवा

निघताना सायकली सात होत्या, म्हणजे चाकं चौदा. काटा लावून मी प्रत्येकातली हवा मोजली. दहांत पस्तीसच्या आसपास होती. शिंपीकाका वजनदार, म्हणून त्यांच्या दोनांत चाळीस. उरलेली दोन चाकं आमच्या सायकल क्लबच्या अध्यक्षांची, त्यांत अडुसष्ट.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर आणि डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींचे जुने विजेते. किती जुने, ते कोणी विचारत नाही. माझ्या ताईचं चाक त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"ही चाकं आहेत की उशा?"

"साहेब, खडीवर टणक चाक उडतं. निम्मी हवा सोडा," ताई म्हणाली.

"तीस वर्षं सायकल चालवतोय मी. तू तेव्हा रांगत होतीस."

"रांगत नव्हते. जन्मलेच नव्हते."

आमच्यातला बँकेतला कारकून हसला, मग अध्यक्षांकडे बघून खोकला.

माझी ताई सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. बासष्ट किलोमीटरचा हा फेरा तिनं दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एकटीनं हिंडून शोधला होता. नदीच्या घळईतून खाली उतरायचं, पाण्याच्या काठानं जायचं आणि पलीकडच्या कड्यानं वर यायचं. क्लबला या फेऱ्यासाठी वाटाड्या नेमायचा होता, आणि ताईला ते काम हवं होतं. अट अध्यक्षांनीच घातली होती: सातही जणांना सात तासांत परत आणायचं, थांबे धरून. एक जरी मागे राहिला, तरी ती नापास.

पहिल्या चढाच्या दुसऱ्या वळणावर अध्यक्षांचं मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि ते उतरले. वर पोचून आम्ही वाट पाहत उभे राहिलो.

"साहेब सायकलला फिरायला घेऊन निघालेत," शिंपीकाका म्हणाले.

"निसर्ग बघत होतो," अध्यक्ष वर येऊन धापा टाकत म्हणाले. निसर्ग त्यांच्या डाव्या हाताला होता. ते पूर्ण चढभर स्वतःच्या बुटांकडे बघत आले होते. अकरा मिनिटं गेली.

घळई मात्र खरंच बघण्यासारखी होती. समोरच्या भिंतीत खडकाचे नऊ थर मोजता येत होते, आणि तळाशी हिरवं पाणी इतकं संथ, की त्यात तेच थर उलटे पुन्हा मोजता यावेत. काठावर पाणी प्यायला सहा मिनिटं थांबलो. पुढे धारदार दगडांचा पट्टा लागला. सहा जण त्यावरून गचके खात पार झालो. अध्यक्षांचं पुढचं टायर फाटलं.

"रस्ताच चुकीचा निवडलाय," त्यांनी निकाल दिला.

ताईनं जुन्या ट्यूबचा तुकडा आतून लावला, नवी ट्यूब घातली आणि पस्तीस हवा भरली. अध्यक्षांनी चाक दाबलं, नाक मुरडलं आणि तिच्या हातातला पंप काढून घेतला. काटा पुन्हा अडुसष्टवर येईपर्यंत ते पंप मारत राहिले. हातात पंप आला की माणसाची अक्कल कुठून गळते, हे शोधायला माझ्याकडे उपकरण नव्हतं. या सगळ्यात चौदा मिनिटं.

शेवटच्या चढावर ते पुन्हा उतरले. वर उभं राहून बघताना ते खाली एका ठिपक्याएवढे दिसत होते, आणि ठिपका बसला होता.

"सोड गं त्यांना," शिंपीकाका म्हणाले. "आपण सहा जण वेळेत पोचू."

"अट सातांची आहे, काका."

"अट त्यांची, उशीर त्यांचा, आणि नापास तू?"

"खाली माणूस एकटा आहे. पाणी संपलं असेल त्यांचं."

ती आपली बाटली घेऊन परत खाली उतरली. आमच्यातल्या शिक्षक नवराबायकोनं आपल्या सायकली कडेला आडव्या केल्या. थोड्या वेळानं ताई वर आली ती दोन सायकली ढकलत. मागून रिकाम्या हातांनी अध्यक्ष. आणखी तेरा मिनिटं गेली.

क्लबच्या फाटकात पोचल्यावर अध्यक्षांनी हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि माझ्याकडे वळले.

"वेळ सांग. नेमकी."

मी नेमकी सांगितली. एकूण सात तास चार मिनिटं. त्यांतली थांबण्यात गेलेली मिनिटं चव्वेचाळीस: पाणी पिण्यात सहा, अध्यक्षांसाठी अडतीस.