तुम्हाला ‘येतो’ म्हणायचं होतं का?

आमच्याकडं घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. जातो म्हणणारा मागं फिरत नाही, असं आईचं म्हणणं, आणि भाजी आणायला निघालेल्या शेजारणीलासुद्धा ते ऐकवल्याशिवाय ती सोडत नाही. मी धाराशिवला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळं माझं उत्तर ठरलेलं असायचं: आई, जातो म्हणून सुखरूप परत आलेल्यांची मोजदाद कुणी केलीय का? त्यावर ती म्हणायची, "घाल तुझी मोजदाद चुलीत." गेल्या चैत्रात माझा धाकटा भाऊ कृष्णराज, आमचा किसना, सुट्टी संपवून संभाजीनगरला नोकरीवर निघाला, तेव्हा उंबऱ्यातूनच हसत म्हणाला, "जातो गं आई." आई ओरडली, "येतो म्हण की मेल्या!" त्यानं नुसता हात हलवला आणि मोटारसायकलला किक मारली. येरमाळ्याच्या जरा पलीकडं एका ट्रकनं त्याला उडवलं. ओळख पटवायला मीच गेले होते, त्यामुळं तो गेला याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीही मला खुळी म्हणेल.

किसनाच्या मागं राहिलं ते एक पॅकेज. संख्याशास्त्राची एक मोफत प्रणाली आहे, आणि तिच्यात भर म्हणून जगभरातली माणसं हौसेनं छोटी छोटी साधनं लिहून सगळ्यांसाठी ठेवून देतात; त्यांना पॅकेज म्हणायचं. किसनाचं पॅकेज पावसाच्या जुन्या नोंदींवरून दुष्काळाचा अंदाज काढायचं. गणित लांबलं की वापरणारा कंटाळू नये म्हणून त्यानं त्यात एक गंमत करून ठेवली होती. काम कुठवर आलं हे सांगायला पडद्यावर त्याच्या वाटेवरची गावं उमटायची, ‘येडशी सोडलं’, ‘येरमाळा सोडलं’, ‘चौसाळा सोडलं’, एरवी एसटीनं जाताना आईला फोनवर सांगायचा अगदी तसं, आणि सगळं संपलं की शेवटी ‘जातो’; त्या शेवटच्या आज्ञेला त्यानं नावही तेच दिलं होतं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी रोज दुपारी ताटावर बसली की विचारायची, "किसनाचं ते चालू हाय न्हवं?" मी चालू आहे म्हटलं की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

आणि तेच बंद पडायची वेळ आली. ज्या भांडारात ही पॅकेजं ठेवतात तिथून कोरडा संदेश आला, की नव्या कंपायलरवर हे पॅकेज बांधलं जात नाही, सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. आता कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं वाचून यंत्राला कळेल असं करून देणारा. जुना जरा चालवून घ्यायचा, हा नवा मोठा खडूस, काना-मात्रा चुकली तरी वही तोंडावर फेकणारा. आईला काय सांगणार होते मी, की तुझा लेक तिथूनही गेला?

रविवारी सकाळी मी शबनमला बोलावलं. शबनम आमच्याच कॉलेजात संगणक शिकवते, येडशीहून रोज बसनं ये-जा करते, आणि बोलायला लागली की बसचा हॉर्नसुद्धा तिच्यापुढं फिका पडतो. आल्या आल्या तिनं लॅपटॉप पुढं ओढला. "मॅडम, तुम्ही नुसता चहा बघा. असल्या कंपायलरला म्या रोज पाणी पाजते."

एकच चूक दाखवत होता तो कंपायलर. ‘जातो’ ओळखीचा नाही, आणि खाली नेहमीची पुस्ती: तुम्हाला ‘येतो’ म्हणायचं होतं का?

मला हसूच फुटलं. "हा तर आमच्या आईचा सख्खा भाऊ निघाला गं!"

शबनम हसली नाही. "मॅडम, हा मनानं काही सुचवत नसतो हो. पॅकेजात तसं नाव कुठं तरी लिहिलेलं असलं, तरच सुचवतो." तिनं सगळ्या फायली धुंडाळल्या. येतो कुठंच नव्हतं. तिनं ‘जातो’ची ओळख वर नीट लिहून दिली, जुनं सगळं पुसून नव्यानं बांधून पाहिलं, स्वतःच्या लॅपटॉपवरही चढवून पाहिलं. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आला, आणि तो आला की ती थोडी थोडी गप्प होत गेली.

शेवटी माझं डोकं सणकलं. "घे बाबा, तुझं खरं," म्हणून मी जातो खोडून येतो लिहिलं.

"आता पुढं अडकंल," शबनम म्हणाली. "जे लिहिलंच न्हाय, ते हा आणणार कुठून?"

अडकलं नाही. पॅकेज बिनतक्रार बांधलं गेलं. या अल्ला, एवढंच ती बोलली, तेही अगदी हळू. मी चाचणी सुरू केली. पहिलं गाव येडशी उमटायचं, कारण धाराशिवहून निघालं की पहिली येडशीच लागते. पडद्यावर उमटलं, ‘येरमाळा सोडलं’.

मी ते नकळत मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला आणि पिठाच्या हातानंच आई दारात आली. "काय म्हणला?"

"काही नाही आई. नेहमीचंच."

"येरमाळा सोडलं म्हणला न्हवं? मग आता येडशी." वर्षभरात मी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. तिनं तांब्या भरला, पाय धुवायला बाहेर पायरीवर नेऊन ठेवला आणि परत तव्याकडं गेली. शबनमनं घाईनं फाईल उघडून दाखवली. तिथं गावं किसनानं लिहिली होती त्याच क्रमानं होती, येडशी पहिली. चाचणी थांबवायचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. मी ते दाबलं नाही, कारण आत आई गुणगुणत होती.

‘येडशी सोडलं’.

शबनमच्या तोंडावरचा रंगच उडाला. चार्जर, पर्स, ओढणी एका हातात गोळा करत ती उठली. "जाते मॅडम मी," म्हणाली आणि पायात चपला अडकवत सुटलीच.

"जाते म्हणू न्हाय गं पोरी!" आई आतून ओरडली.

तो शब्द माझ्या कानात शिरायला क्षणभर लागला, आणि शिरला तशी मी भर उन्हात अनवाणी रस्त्यावर धावले. "शबनम! येते म्हण! अगं, नुसतं येते म्हण!" ती रिक्षात बसत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि रिक्षा बसस्टँडच्या दिशेनं वळली. तिथून ती येडशीची बस धरणार होती, म्हणजे रस्ता तोच. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा नुसता वाजत राहिला.

परत आले तर आई एक जास्तीचं ताट पुसत होती. "वरडायला काय झालं? तो यायलाय, अन् तू रस्त्यावर वरडत बसलीस."

मी लॅपटॉपपुढं बसले. शहाण्या माणसानं करू नये ते मी केलं. किसनाच्या ओळीखाली नवी ओळ घातली, तिच्यात शबनमसाठी फक्त ‘येते’ लिहिलं, आणि पॅकेज पुन्हा बांधायला दिलं. उत्तर लगेच आलं.

‘येते’ ओळखीचं नाही. तुम्हाला ‘जाते’ म्हणायचं होतं का?