हिंगणीच्या नलूचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, हिंगणीच्या एका मातीच्या घरात खिळ्याला टांगलेला. माझी सागवानी चौकट गावच्याच सुताराने केली. लग्नानंतर महादेवरावांनी मला रुख्माबाईंसाठी आणले. कुंकू लावताना त्या माझ्यात पाहून हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पंचाहत्तर साली नलू झाली. तीन वर्षांची झाली तरी ती नुसते बोटाने दाखवी. अंगणातली मुले तिला खेळात घेत नसत. मित्रांनो, मग ती पाटावर चढून माझ्यापाशी येई. तिचे ओठ हलत, पण शब्द येत नसे. मलाही वाचा नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहायचो.

गावात येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "हिला आताच वर्ध्याला दाखवा."

"काऊन घाई करता, बाई?" महादेवराव म्हणाले. "मी बी उशिराच बोललो. बोलन ते."

तीन वर्षे तशीच गेली. शाळेत मुले तिला 'मुकी' म्हणू लागली. एका दुपारी घरी येऊन तिने माझे तोंड भिंतीकडे फिरवले. कितीतरी दिवस मी फक्त पोपडे आलेली माती पाहिली. पाठीमागून रुख्माबाईंचे दबके रडणे तेवढे ऐकू येई.

शेवटी नवऱ्याला न विचारता त्या नलूला एसटीने वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथले सारे मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले. बोलायला शिकवणाऱ्या प्रमिलाबाईंनी नलूला तपासले. "कान चांगले आहेत. तिसऱ्या वर्षी आणली असती तर सोपे गेले असते," त्या म्हणाल्या. "पण आता रोज आरशासमोर बसवा."

घरी येताच रुख्माबाईंनी मला सरळ केले. रोज सकाळी मायलेकी माझ्यासमोर बसत. 'प' म्हणताना नलूच्या श्वासाने माझ्या काचेवर वाफ धरे. आठ महिन्यांनी तिने बापापुढे तांब्या धरून म्हटले, "बा, पानी."

महादेवराव पाणी प्यायलेच नाहीत. "माह्या हट्टानं पोरीची तीन वरसं गेली," ते म्हणाले.

पुढे शेजारच्या धुरपताचा मंगरू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. रुख्माबाई त्याच्या आईला म्हणाल्या, "उद्याच माह्यासंग चाल. वाट नोको पाहू." वर्षभरात मंगरू घडाघडा बोलू लागला.

नलू आता तेरा वर्षांची आहे. तिचे शब्द अजून अडखळतात. पाहुणे आले की ती आत येऊन माझ्यापुढे उभी राहते. परवा मंगरूची बडबड ऐकून तिने विचारले, "माय, मले काऊन... लवकर नाई नेलं?"

रुख्माबाई तिला पोटाशी धरून माझ्यासमोर बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे लहानगे बोलत नसेल, तर त्याला लगेच दवाखान्यात दाखवा म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. आणि तुमच्या वर्गात नलूसारखी कोणी असेल, तर तिचे वाक्य पुरे होईपर्यंत तिच्याजवळ थांबा.